तीन बोटांची मूठ

आबांची दोन बोटं गेली आणि आमच्या घरातले आवाज एकेक करून बंद पडत गेले. आधी रविवार सकाळचा कोयत्याचा आवाज गेला. आबा उठले की परसात आठवडाभराची लाकडं फोडायचे, त्या ठोक्यांवर आम्ही जागे व्हायचो. आता लाकडं आई फोडायची, तीही पाणी भरून कलमांच्या बागेत कामाला जायच्या घाईत, कशाबशा चार ढलप्या काढून. मग नारळ सोलायचा करकर आवाज गेला. मग आबांचं बोलणं गेलं. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात दोर वळायच्या यंत्रावर ते कामाला होते. शनिवारी एसटीनं यायचे, पिशवीत सुकट असायची, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांची बडबड सुरू व्हायची. त्या यंत्रानं त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. "माजाच ध्यान नव्हता," एवढंच ते म्हणाले. पुढे हात बरा झाला, पण मूठ काही वळेना. लोटा धरला तरी निसटायचा. ते घरी आले ते आलेच. हात कायम टॉवेलमध्ये गुंडाळलेला. पडवीत बसून रस्त्याकडे बघायचे. आई रात्री पेज आणि कुळथाची पिठी वाढायची, आणि आबा डाव्या हातानं जेवतात हे आम्हाला दिसतच नाही असं आम्ही दाखवायचो.

मी तेव्हा रत्नागिरीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या वाडीत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगतेय, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. माझ्या आईला अंगठा उठवता यायचा आणि आबांना सही करता यायची, इथवर आमच्या घराचं शिक्षण. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी आले तेव्हा हॉस्टेलच्या खाटेखालची ट्रंक सगळी भरून घेऊन आले. परत जायचं की नाही ते कुणी बोललं नव्हतं. पण आई एकटी किती ओढणार, हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. ट्रंक माजघरात ठेवली. आईनं तिच्यावर चादरी घडी करून ठेवल्या आणि दोन दिवसांत ती ट्रंक फर्निचर झाली.

आता सुऱ्याची गोष्ट. आमचा आजा शिकारी होता. त्या काळी गावाची डुकराची शिकार व्हायची. सगळा गाव रान उठवायला जायचा आणि मारलेल्या डुकराचे वाटे पडायचे: घरटी एक वाटा, बंदुकीचा एक, कुत्र्यांचा एक आणि सुऱ्याचा एक. वाटे घालायचा मान आमच्या घराचा, कारण आज्याचा हात इतका सरळ की कुणाच्या पानावर बोटभर कमी नाही आणि जास्त नाही. पुढे शिकार कायद्यानं बंद झाली, आणि बरंच झालं. मान मात्र राहिला. पेरणीआधी गावदेवाला राखण द्यायची, म्हणजे वर्षभर गाव सांभाळ म्हणून बोकड द्यायचा, आणि त्या बोकडाचे वाटे आमच्या घरानं त्याच शिकारीच्या सुऱ्यानं घालायचे. नेम एकच: सुरा आणि हात एकाच घरचे पाहिजेत. एक वर्ष चुकलं की मान भावकीत दुसऱ्या घरी जायचा.

हे दुसरं घर कुठलं ते ठरलेलंच होतं. आबांचे चुलतभाऊ गोपाळकाका एका संध्याकाळी पडवीत येऊन टेकले.

"दादा, औंदा वाटं मी घालतंय. तू आपला मांडवात बस, बिडी ओढ. मी मुंबैसनं सुरी आणलंय, इस्टीलची. जंग धराचं नाव नाय."

"बरा," आबा म्हणाले.

आत आईनं पातेल्यावर झाकण असं आपटलं की कोंबड्या उडाल्या. गोपाळकाका गेल्यावर ती बाहेर आली. "बरा? नुसता बरा? चार पिढ्यांचा मान त्यानं इस्टीलवर नेला, नि तुमी बरा म्हणालात?"

"मंग काय म्हणू? सुरा धरू कशात, दातात?" आबा म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी एका दमात उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

त्या वाक्याचा मी रात्रभर विचार केला, असं पुस्तकात लिहितात. मला झोप लागली. सकाळी उठून मात्र मी माळ्यावर चढले. सुरा वाशाला खोचलेला होता, गोणपाटात बांधून. सोडला तर हातात आलं ते सुरा म्हणावं की नाही असं होतं. वीतभर लांब पातं, त्यावर गंजाचे पापुद्रे सुटलेले, आणि सांबरशिंगाची जुनी मूठ उभी चिरून दोन फाकी झालेली. मी तो घेऊन खाली आले आणि आबांसमोर ठेवला. ते उठून गेले नाहीत.

गंजाला आंबट लागतं, हे मला कॉलेजात नुकतंच कळलं होतं आणि कळलेलं कुठं तरी वापरायची मला घाई होती. आंबट म्हणजे आमच्याकडे आगळ. आईची कोकमाच्या आगळाची बरणी फळीवर होती. मी अर्धी बरणी परातीत ओतली, पातं त्यात बुडवलं आणि शास्त्रज्ञाच्या ऐटीत झोपायला गेले. सकाळी पाहते तर गंज थोडा निघालेला, पण पातं काळंठिक्कर आणि त्याला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडू लागलेले. आईनं परातीत बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, आगळात मीठ आसता हा कॉलेजात शिकवीत नाय?"

पडवीतून खसखस ऐकू आली. आबा हसत होते. आगळाची अर्धी बरणी गेली त्याचं आईला काही वाटलं नाही, ते त्या हसण्यामुळे. पुढे मी जवळजवळ चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. धातू आणि क्षार हा धडा आला की दर वर्षी मी ही फजिती सांगायचे. मुलं बाकी सगळं विसरायची, पण आगळात मीठ असतं हे कुणी विसरायचं नाही.

मग आबांनी सांगायला सुरुवात केली. आधी बसल्या जागेवरून, मग उठून, मग माझ्या डोक्यावर उभं राहून. कोकमं पिकलेलीच होती. ताज्या सालांचं बिनमिठाचं आंबट पाणी केलं आणि त्यात पातं घटकाभरच ठेवलं. मग काथ्याची चुंबळ करून चुलीतल्या राखेनं घासलं. पुन्हा आंबट, पुन्हा राख. जाड गंज जांभ्या दगडावर पाणी टाकून उतरवला, कारण जांभा खरखरीत. हात लालभडक झाले, नखांत राख गेली. तिसऱ्या दिवशी पात्याच्या मधोमध नाण्याएवढी एक जागा उजळली, आणि त्या जागेत मला माझंच नाक दिसलं. खड्डे पूर्ण गेले नाहीत. आजही आहेत. पुसून कोरडं केलं, खोबरेल तेल लावलं, आणि पऱ्याच्या वाहत्या पाण्यातून आणलेल्या गुळगुळीत काळ्या दगडावर, म्हणजे आमच्या निसण्यावर, धार लावायला बसले. "दाबू नको. दगडाला सांगाचा नाय, इचाराचा," आबा म्हणायचे. धार लावताना चर्र आवाज आला तर चूक आणि सुर्र आला तर बरोबर. ते डोळे मिटून ऐकायचे आणि चर्र झालं की नुसतं "हं" म्हणायचे. घरात एक आवाज परत आला होता.

हल्ली माझी नात मोबाइलवर असले व्हिडिओ लावून बसते. कुठल्या तरी देशातला माणूस एक शब्द न बोलता गंजकी सुरी घासतो, आणि ही ते जेवणं विसरून बघते. "आजी, किती शांत वाटतं बघ," म्हणते. मी म्हणते, आमच्याकडे असं शांत नव्हतं बाई.

कारण पुढचा प्रश्न मुठीचा होता. बाजारात मिळते तसली गुळगुळीत मूठ आबांच्या हातातून सुटणार हे उघड होतं. मूठ त्या हाताची पाहिजे होती, आणि लाकूड असं पाहिजे होतं की घामानं फुगणार नाही, फुटणार नाही. आबा म्हणाले, खैर. मी घरभर फिरले आणि मागच्या पडवीत कोपऱ्यात उभं असलेलं मुसळ घेऊन आले. खैराचंच होतं. गिरणी आल्यापासून ते नुसतं उभं होतं. मधोमध, जिथं हात धरतात तिथं, आजी, पणजी आणि आई यांच्या तळव्यांनी झिजून त्याला कंबर आली होती.

"मुसळ?" आई किंचाळलीच. "मुसळ कापशील तर तुज्या लग्नात घाणा कशानं भरू? आंब्याची पानं काय माज्या गळ्यात बांधू?"

"शेजारचं मागून आणू," मी म्हटलं.

"कुणाचा? गोपाळभावजींचा?"

"त्यांचंच."

आई मुसळाकडे बघत राहिली. मग तिनं आबांच्या टॉवेलकडे पाहिलं. "मधलं तेवढं घे," ती म्हणाली. "हाताखालचं लाकूड हाय, हाताला वळख पटंल." आणि करवत तिनंच आणून दिली.

हाताचं माप घ्यायचं कसं? आई तांदळाची उकड काढून भाकरीसाठी मळत होती. मी त्यातला एक गोळा काढून काठीवर थापला आणि आबांपुढे धरला. "आबा, हे दाबून धरा. जोरानं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं. मग टॉवेल सोडला. इतक्या महिन्यांत त्यांचा तो हात मी उघडा पाहिला नव्हता. तुटल्या जागी कातडी गुलाबी, लहान मुलाच्या टाचेसारखी. त्यांनी अंगठा आणि दोन बोटं पिठात रुतवली. "गरम हाय," म्हणाले. आई म्हणाली, "मंग काय, थंड भाकरी करतंय मी?" तिघंही हसलो. हात सुटला तेव्हा पिठावर तीन बोटांचे खड्डे होते आणि मागे, जिथं दोन बोटं नव्हती, तिथं पिठाचा उंचवटा तसाच राहिला होता. मला सापडलं ते तिथं. लाकूड तिथं कोरायचंच नाही, तिथं उलट भरायचं! त्या जागी बोंड ठेवायचं, म्हणजे तळव्याला ते मागून आधार देईल. मी पिठाचा तो साचा चुलीच्या कडेला निखाऱ्यांजवळ वाळत ठेवला.

नेमकी त्या वेळी गोपाळकाकांची बायको, आमची काकी, विरजण मागायला मागच्या दारानं आली. तिला काय दिसलं ते आधी सांगते. चुलीशी तीन बोटांची पिठाची मूठ भाजतेय. बाजूला सोनाराकडून आणलेला लाखेचा लाल खडा. राखेचा ढीग. कॉलेजात गेलेल्या पुतणीचे हात कोपरापर्यंत रक्तासारखे लाल. आणि ऐकू काय आलं? मी आबांना सांगत होते, "आबा, मूठ राखणीच्या आधी बसली पाहिजे. एकदा बसली की मग गोपाळकाका काय करतात ते बघूच."

काकी विरजण न घेताच गेली.

आमच्याकडे मूठ दोन प्रकारची. एक हत्याराची आणि दुसरी मंतरून मारायची. दुसरी मूठ ज्याच्यावर मारतात त्याचं काय होतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि ती मारताना कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर बायका कळशा उचलून बाजूला झाल्या. मला वाटलं, मी शिकलेली म्हणून मान देताहेत. खरंच वाटलं तसं.

मी आपली कामाला लागले. खैर कोयतीनं तासला, काचेच्या तुकड्यानं खरवडला, दर घटकेला आबांच्या हातात दिला. "हितं टोचतंय." "हितं पोकळ हाय." सळई लाल तापवून लाकडात भोक पाडायला अर्धा दिवस गेला. धुरानं डोळे गेले. भोकात लाख वितळवून ओतली, पात्याचं मागचं शेपूट तापवून आत बसवलं, आणि तोंडाशी लाकूड फुटू नये म्हणून मोडक्या स्टोव्हच्या पंपाची पितळी नळी कापून तिची कडी चढवली. थंड झाल्यावर आबांनी सुरा उचलला. बोंड तळव्यामागे जाऊन टेकलं. त्यांनी हात हवेत फिरवला, उलटा केला, झटकला. सुरा सुटला नाही. मग ते परसात गेले आणि एक कच्चा फणस घेऊन बसले. त्या दिवशी आमच्याकडे दोन घरांना पुरेल एवढी फणसाची भाजी झाली, इतके बारीक आणि एकसारखे तुकडे त्यांनी केले. तरी आई हळूच म्हणाली, "फणस गप बसतो. चार माणसांम्होरं हात कापला तर?" आबांनी सुरा खाली ठेवला. टॉवेल पुन्हा हातावर आला.

राखणीच्या दिवशी सगळा गाव देवळापुढच्या मांडवात. पुरुष आत, बायका कडेला. बोकड दिला गेला, केळीची पानं मांडली गेली. आबा उठणार तेवढ्यात गोपाळकाका आले. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं, चेहरा उतरलेला. नवी स्टीलची सुरी काखेत.

"गावकरानू, आदी माजा निवाडा करा," ते म्हणाले. "ह्या पोरीनं माज्यावर मूठ मारलंय. दोन दिस झाले, पोटात नुसता पीळ पडतोय."

गावकर म्हणजे आमच्या गावाचे मानकरी, ऐंशीच्या घरातले म्हातारे. त्यांनी मला पुढे बोलावलं. "काय गो नंदे, खरा काय?"

"कुणी सांगितलं?"

"माजे डोळे फुटले नाय," कडेहून काकी म्हणाली. "चुलीत तीन बोटांची मूठ भाजीत होती. मी ह्या डोळ्यांनी बगितलंय."

"नंदे," गोपाळकाका जवळजवळ रडवेले झाले होते, "असशील शिकलेली. पण मी तुजा काका हाय. मूठ काढ!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीवरच्या कळशांसकट. मी आबांच्या मांडीवरचं फडकं उचललं, सोडलं आणि सुरा वर धरला.

"ही घ्या काढली. मूठ मारलीय खरी, पण सुऱ्यावर. लाखेनं."

आधी कुणीच हसलं नाही. गावकरांनी सुरा हातात घेतला, मूठ फिरवून पाहिली, बोंडावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "गोपाळा, परवा काय खाल्लंस?"

"काय नाय. बरका फणस."

"किती?"

गोपाळकाका काकीकडे बघायला लागले. काकीच म्हणाली, "आख्खा. नको नको म्हणत व्हतंय मी."

"मंग तुला मूठ नाय, बरका लागलाय," गावकर म्हणाले, आणि मांडव जो फुटला तो देवळाची घंटा आपोआप हलली असं लोक अजून सांगतात. घंटा हलली नव्हती, मी तिथंच होते. पण हसले सगळे. गोपाळकाकाही पोट धरून हसले, पोट धरलेलं होतंच.

हसणं ओसरलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष आबांकडे गेलं. आता त्यांना टाळता येणार नव्हतं. ते उठले, हातावरचा टॉवेल सोडला आणि घडी करून खांद्यावर टाकला. तो हात पहिल्यांदाच गावानं पाहिला. आबांनी सुरा उचलला. सुरुवातीचे दोन घाव सावकाश पडले. मला वाटलं, थांबतात. मग सुर्र आवाज आला, तो दगडावरचा, बरोबरचा. त्यानंतर ते थांबले नाहीत. सतरा घरं, सतरा पानं. गावकर प्रत्येक पानावर वाकून बघत होते. शेवटी त्यांनी मान हलवली, म्हणजे बोटभर कमी नाही आणि जास्त नाही.

एक वाटा उरला. सुऱ्याचा. तो सुरा पाजवणाऱ्याचा, म्हणजे दर वर्षी आबांचाच. आबांनी तो पानात बांधला आणि हाक मारली, "नंदे, पान घे."

"पोरीला वाटा?" मागून कुणी तरी म्हणालं. मांडवात बाईच्या हातात वाटा कधी गेला नव्हता.

"धार कुणी लावली?" आबांनी विचारलं. महिनोन्महिने बंद असलेला तो मोठा, शनिवारी संध्याकाळचा आवाज. "गंज कुणी काढला? मूठ कुणी केली? बोला की."

गावकर म्हणाले, "नेम नेम हाय. सुऱ्याचा वाटा पाजवणाऱ्याचा. नेमात बाप्या का बाई लिवलेला नाय." मी पुढे झाले आणि पान घेतलं. माझी पदवीची गुंडाळी त्या पानापेक्षा हलकी होती, हे मी दोन्ही हातात धरून सांगतेय.

मांडव उठता उठता गोपाळकाका आबांजवळ आले. सुरा मागून घेतला, मूठ दाबून पाहिली. "दादा, माजा आंगटा जरा वाकडा हाय, तुला म्हायत हाय. माज्या कोयत्याला आशी बसवशील?" आबांनी त्यांचा हात उलटा करून पाहिला. "उद्या ये," म्हणाले. "येताना पीठ घिऊन ये."

त्या पावसाळ्याआधी आमच्या पडवीत विळे, कोयते आणि कुदळी यांची रांग लागली. ज्याची त्याची उकड, ज्याचा त्याचा साचा. आसपासच्या गावांतून लोक यायचे, मोडके हात आणि वाकडी बोटं घेऊन यायचे, आणि त्यांना आबांनी काही विचारलेलं चालायचं, कारण विचारणाऱ्याच्याही हाताला दोन बोटं नव्हती. कॉलेज उघडायच्या आठवडाभर आधी आईनं ट्रंकेवरच्या चादरी उचलल्या. फडक्यानं ट्रंक पुसली आणि दारात नेऊन ठेवली.

माझ्या लग्नात घाणा भरायला मुसळ गोपाळकाकांच्या घरून आलं. काकीनं स्वतः आणलं, आंब्याची पानं बांधून.

आबांनी पुढे आयुष्यभर राखणीचे वाटे स्वतःच्या हातानं घातले. आणि त्यांनी बसवलेल्या मुठींवर मी बी.एस्सी. झाले, आमच्या वाडीतली पहिली.